निश्चित चांगला

आमच्या भाचीला एमबीएचा प्रकल्प मिळाला आणि आमच्या भिंतीवरच्या गप्पांना आयुष्यात पहिल्यांदा शैक्षणिक दर्जा आला. विषयाचं नाव इतकं लांब, की पहिल्या पानावर दुसरं काही मावत नाही : 'स्थानिक स्वराज्य संस्थांमधील कर्मचाऱ्यांच्या कार्यक्षमतेवर परिणाम करणारे घटक'. यावर नवी मुंबईतल्या आमच्या करावे गावात कोण बोलणार, अशी तिला शंका. अगं बाई, करावे गावात दुसऱ्या कशावर बोलतात तरी कधी? नळ उशिरा आला, गटाराचं झाकण गेलं, घरपट्टीच्या बिलावर वारलेल्या आजोबांचंच नाव राहिलं, नातवाच्या जन्मदाखल्यात 'तांडेल'चा 'तंडेल' झाला, की आमची बैठक याच विषयावर बसते. फक्त आम्ही 'घटक' म्हणत नाही. सरळ माणसांची नावं घेतो.

गावठाणातली घरं अशी खेटून, की आपल्या खिडकीतून शेजारणीच्या फोडणीत मीठ टाकता यावं. तरी आमच्या आणि नानांच्या मध्ये कमरेएवढी भिंत अजून शाबूत आहे. अलीकडे मी, पलीकडे नाना आणि त्यांची जास्वंद. भिंतीच्या टोकाला, जिथे ऊन टिकतं तिथे, शेजारच्या मावशीचे बोंबील. आणि बोंबलांवर डोळा ठेवणाऱ्या मांजरावर डोळा ठेवून बसलेली मावशी. नाना एका महापालिकेतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. कुठल्या ते मी सांगणार नाही, कारण नाना स्वतःही गप्पांत तिचं नाव घेत नाहीत. "पेन्शन अजून तिथूनच येते," म्हणतात. मावशीचा धाकटा पाणीपुरवठ्यात चावीवाला. ठेकेदाराकडून, तोही दुसऱ्याच शहरात. म्हणजे एक कायम, एक कंत्राटीची आई आणि मी जन्माची अर्जदार. भाचीला नमुना म्हणून याहून चांगलं मंडळ कुठे मिळालं असतं?

तिने छापील प्रश्नावली नानांपुढे धरली. पहिलंच विधान : 'मला माझ्या कामातून समाधान मिळते.' समोर एक ते पाच आकडे, एकाला गोल करायचा.

"पाचाला कर," नाना म्हणाले. "पुढचं?"

"काका, वाचून तरी बघा."

"वाचायचं कशाला? साहेब बघणार असले तर पाच, बघणार नसले तरी पाच. आमचा गोपनीय अहवाल असाच भरला जायचा."

झालं. गाडी गोपनीय अहवालावर गेली, ती अर्धा तास हलली नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च हे अहवालाचं वर्ष. आपण काय काय केलं ते आधी आपणच लिहायचं, मग वरचा साहेब शेरा देतो, तो प्रतिवेदन अधिकारी. त्याच्या वरचा तो तपासतो, तो पुनर्विलोकन अधिकारी. वर्गवारीत सगळ्यात वर 'अत्युत्कृष्ट'. ते साहेबाच्या मर्जीतल्याला. बाकी साऱ्या आळीला एकच शेरा : 'निश्चित चांगला'. नानांना उभ्या नोकरीत बहुतेक वर्षी हाच मिळाला. ज्या वर्षी ते रात्री आठपर्यंत बसून जुनी थकबाकी जुळवत होते त्या वर्षी, आणि ज्या वर्षी मुलीच्या लग्नामुळे अर्धं वर्ष ते टेबलावर नुसते शरीरानेच होते त्याही वर्षी.

"पण एखादा कामच करत नसेल तर वाईट शेरा का देत नाहीत?" भाचीचा भाबडा प्रश्न.

नाना हसले. वाईट शेरा लिहिला तर तो संबंधिताला कळवावा लागतो. तो त्यावर अभिवेदन करतो. मग साहेबाने पुरावा द्यायचा : केव्हा समज दिली, ज्ञापन कधी काढलं, खुलासा काय आला. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फक्त वाईटच नव्हे, अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. न्याय म्हणून ते योग्यच. पण साहेबही माणूस. त्याला स्वतःचं काम वाढवायचं नसतं. तो 'निश्चित चांगला' लिहितो आणि चहा मागवतो.

"मंग काम करनारा कोन नि टंगळमंगळ करनारा कोन, ता कसा कलनार?" मावशीने बोंबलांवरून नजर न काढता विचारलं.

"कळतं की. सगळ्या खात्याला कळतं. फक्त कागदाला कळत नाही," नाना म्हणाले. "आणि पगार कागदावर होतो."

बढती ज्येष्ठता यादीप्रमाणे. बढती नाहीच मिळाली तर आश्वासित प्रगती योजना : दहा, वीस, तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी. त्यासाठीही अहवाल लागतात, पण ते तर 'निश्चित चांगले' असतातच. मी म्हटलं, नाना, म्हणजे मग कामाला हुरूप यावा असं त्यात काय? ते म्हणाले, "हुरूप यावा म्हणून ती योजना नाहीच. माणूस कुजू नये म्हणून आहे." मला हे वाक्य पटलं. पण भाचीच्या प्रश्नावलीत त्याला चौकोन नव्हता.

तिने मग पुस्तकातला हर्झबर्ग काढला. १९५९ सालचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास : पगार, पंखा, साहेबाची वागणूक, कार्यालयाचे नियम या गोष्टी वाईट असल्या तर माणूस वैतागतो, पण चांगल्या असल्या म्हणून तो झटून काम करतो असं नाही. झटायला त्याला कामातच काहीतरी लागतं : जबाबदारी, शाबासकी, पुढे जाण्याची वाट. नानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पंख्याचं खरं आहे. आमच्या अभिलेख कक्षात पंखा नव्हता. पुढे पंखा आला. नस्त्या तिथेच राहिल्या, फक्त उडायला लागल्या."

हा अभिलेख कक्ष म्हणजे नानांचा दुखरा भाग. त्यांना विचारा, पालिकेत काम का होत नाही. ते माणसाच्या स्वभावावर जातच नाहीत, टेबलावर जातात. आणि इथे महाराष्ट्राचा एक खरा किस्सा त्यांना तोंडपाठ आहे. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कर्मचारी बदलले नाहीत, पगार वाढवले नाहीत. कार्यालयच लावून घेतलं. पिढ्यान्‌पिढ्यांचे गठ्ठे सोडवले, कोणता कागद किती वर्षं ठेवायचा त्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वेगळे केले, टाकायचे ते टाकले, भिंती आणि कपाटं हटवून मोकळं दालन केलं, कोण कुठे बसतं ते लोकांना दिसेल असं केलं. त्याला 'लखिना पॅटर्न' म्हणू लागले आणि लांबलांबचे लोक बघायला येऊ लागले.

"तोच कारकून," नाना बोट नाचवत म्हणाले, "तोच! काल ज्याला नस्ती सापडायला आठवडा लागायचा, तो चहा थंड व्हायच्या आत काढून द्यायला लागला. त्याच्यात एका रात्रीत देशभक्ती शिरली काय?"

आणि मग त्यांनी भाचीला भिंतीवर सहा गठ्ठे मांडून दाखवले. गठ्ठे म्हणजे मावशीचे बोंबील. मावशीने आधी हरकत घेतली, मग स्वतःच सरकवून दिले. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा : ज्यावर आजच आपल्याला काहीतरी करायचं आहे. दुसरा प्रतीक्षाधीन : आपण लिहिलंय, दुसऱ्याचं उत्तर यायचंय. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे दर महिन्याला, दर तिमाहीला वर पाठवायची विवरणपत्रं. चौथा स्थायी आदेशांच्या संचिका : शासन निर्णय, परिपत्रकं. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायचा. सहावा 'ड' वर्गाचा, मुदत संपली की नष्ट करायचा. सोबत कार्यविवरण नोंदवही : कोणता कागद कधी आला, कधी गेला.

"एवढंच. ज्या कारकुनाचा पहिला आणि दुसरा गठ्ठा वेगळा असतो ना, तो संध्याकाळी सव्वासहाला घरी जातो. ज्याचा एकच गठ्ठा असतो, तो रात्री आठपर्यंत बसतो, आणि सगळे म्हणतात, केवढा कष्टाळू!"

भाची लिहून घेत होती. मला मात्र एका कार्यालयातला (नाव कशाला घ्या) माझा वारसनोंदीचा अर्ज आठवला. तो बहुधा पाचव्या बोंबलात गेला असावा.

२०१७ च्या सुमाराला पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' म्हणून जी मोहीम चालवली तिचाही पाया हाच : आधी गठ्ठे निकाली काढा, मग रोजचं रोज. आणि पुढे राज्य सरकारने शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम घेतली, संकेतस्थळापासून स्वच्छतेपर्यंत गुण देऊन १ मे २०२५ ला निकाल लावला. महापालिकांमध्ये उल्हासनगर पहिलं, ८६.२९ गुण. पिंपरी-चिंचवड दुसरं. आपली नवी मुंबई आणि शेजारचं पनवेल दोघी ७९.४३ वर बरोबरीत.

"उल्हासनगर पयला?" मावशीने पहिल्यांदा बोंबील सोडून आमच्याकडे बघितलं. तिची बहीण तिकडे दिलीय. "खरा बोलतंस?"

खरं आहे. आणि नवी मुंबईचंही काही वाईट नाही. स्वच्छतेत आपलं शहर इतकी वर्षं देशात वरच्या नंबरात आलं, की १७ जुलै २०२५ ला निकाल लागला तेव्हा इंदूर, सुरत यांच्याबरोबर त्याला 'सुपर स्वच्छ लीग' नावाच्या वेगळ्याच पंक्तीला बसवलं. आता गंमत बघा. तेच शहर, तीच महापालिका, एकच आयुक्त. रस्ता सकाळी सातच्या आत झाडून होतो, आणि कागद मात्र एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला मुहूर्त बघतो, असं कोणत्याही शहरातला अर्जदार सांगेल. झाडूवाला आणि कारकून यांच्या रक्तात फरक आहे का? मला वाटतं, फरक एवढाच, की झाडलेला रस्ता सगळ्यांना दिसतो. न झाडलेला तर त्याहून लवकर दिसतो. पाम बीच रस्त्यावर चालायला जाणारे लगेच फोटो काढतात. त्या कामाला देशपातळीवर स्पर्धा आहे, परीक्षक येतात, नंबर लागतो, साहेबाचं नाव पेपरात येतं. कागद हललेला कोणाला दिसतो? ज्याचा आहे त्याला. आणि तो एकटा असतो.

नानांना हे माझं म्हणणं अर्धंच पटलं. "झाडूवाल्याचं कौतुक करताय, त्याची पगाराची चिठ्ठी बघितलीत का?"

इथे मावशी सरसावली. तिच्या धाकट्याच्या हातात व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब दांड्याची चावी असते. शेजारी कायम नोकरीतला चावीवाला, त्याच्याही हातात तीच. व्हॉल्व्ह दोघांनाही तितकाच घट्ट. "त्याला दिवालीला बोनस, आजारी परला तर रजा. माज्या पोराचा ठेकेदार बदलला का पयला महिना पगारच नाय. मना सांगा, पानी कोनाचा जास्त जोरात येल?"

पाणी दोघांचंही सारखंच येतं, हीच तर गोष्ट आहे. २६ ऑक्टोबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या खटल्यात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू आहे असा निकाल दिला. पण ठेकेदाराचा माणूस कागदोपत्री पालिकेचा कर्मचारीच नसतो, मग त्याने ते तत्त्व कुठे नेऊन दाखवायचं? आणि ठेकेदार लागतो तरी का? नाना हिशेब सांगतात : आस्थापनेवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचं बंधन. निवृत्त झालेल्याची खुर्ची रिकामी ठेवली की टक्केवारी छान दिसते. ठेकेदाराचं बिल वेगळ्या लेखाशीर्षात जातं. उरलेल्या माणसाला 'अतिरिक्त कार्यभार' देतात; एक खुर्ची, दोन टेबलं. नवी मुंबईत २०२५ साली ६२० जागांची भरती निघाली तेव्हा गावातली निम्मी पोरं अभ्यासिकेत जाऊन बसली होती. मध्ये किती वर्षं ती पोरं नुसती जाहिरातीची वाट बघत होती, ते त्यांच्या आयांना विचारा.

त्यात वरून लादलेली बिगारीची कामं. भाचीच्या पुस्तकात यांना 'भूमिकेचा ताण' असं शास्त्रीय नाव आहे. जानेवारी २०२४ मध्ये मराठा समाजाच्या सर्वेक्षणाला पालिकेचे कर्मचारी घरोघर. मे महिन्यात लोकसभा. पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे अर्ज. नोव्हेंबरात विधानसभा. आणि मग जनगणना. तुमचा दाखला ज्याच्या टेबलावर आहे तो त्या दिवशी तुमच्याच गल्लीत तुमच्या घरावर आकडा टाकत उभा असतो. त्याला तिथेच गाठून 'माझ्या कामाचं काय झालं' विचारायची सोय अजून निघालेली नाही. मावशी विचारते म्हणा.

"तुमचा मुंढे साहेब आला तवा सगले कसे सरल झाले होते?" मावशीने काडी टाकली. आणि मांजराचं फावलं, कारण पुढचा पाऊण तास बोंबलांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

नवी मुंबईत कुठल्याही भिंतीवर हा विषय निघाला की दोन तट पडतात. तुकाराम मुंढे मे २०१६ मध्ये आयुक्त म्हणून आले. सकाळी लोकांबरोबर चालत तक्रारी ऐकायच्या, त्याला 'वॉक विथ कमिशनर' नाव. कार्यालयं वेळेवर भरायला लागली. दुसरीकडे गावठाणात गरजेपोटी बांधलेल्या घरांवर हातोड्याची भीती. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, ज्यांनी १९८४ साली जासईला गोळ्या खाऊन साडेबारा टक्के भूखंड मिळवले, त्यांनाच तुम्ही अनधिकृत म्हणणार, हा राग मावशीच्या आवाजात अजून आहे. २५ ऑक्टोबर २०१६ ला महासभेत त्यांच्यावर अविश्वास ठराव आला : बाजूने १०४, विरोधात ६. भाजप सोडून सगळे पक्ष एका बाकावर बसल्याचं ते दुर्मीळ दृश्य. सरकारने त्यांना तेव्हा हलवलं नाही. मार्च २०१७ मध्ये हलवलं, पुण्याला, पीएमपीएमएलमध्ये.

मी म्हटलं, नाना, पण कामं होत होती ना? माझा स्वतःचा एक कागद त्या वर्षी झटक्यात झाला होता. नानांचं मत निराळं. "धाकाने माणूस वेळेवर येतो. सही करायला मात्र घाबरतो. निलंबनाची भीती असली की प्रत्येक जण टिप्पणी वर ढकलतो : आदेशार्थ सादर. वरचा लिहितो : चर्चा करावी. ही 'चर्चा करावी' म्हणजे नस्तीची काशी. चर्चा कोणी करत नाही, आणि निर्णय झाला नाही असंही कोणी म्हणू शकत नाही."

"ता उधानाचा पानी होता," मावशीने निकाल दिला. "येला तवा दारापरत येला. गेला तवा आमचा चिखल आमच्याचकडं."

मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. धाक काहीच करत नाही असं म्हणणारे बहुधा नोकरीतले असतात, रांगेतले नसतात. पण अकरा महिने हा काही मुदतीचा हिशेब नव्हे, हे मात्र खरं. बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा राज्याचा कायदा आहे, अण्णा हजारे यांच्या उपोषणांमुळे झालेला, १ जुलै २००६ पासून लागू. त्यात सनदी अधिकाऱ्यांचाही एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षं. त्यातच एक पळवाटही आहे, कारणं नोंदवून आधी हलवण्याची. तीन वर्षं राहणारा साहेब आणि केव्हाही जाऊ शकणारा साहेब यांच्यातला फरक शिपायाला पहिल्या दिवशी कळतो. शिपाई मग त्याप्रमाणे उठून उभा राहतो किंवा राहत नाही.

याच्या उलट सुरत. १९९४ च्या प्लेगनंतर पुढच्या वर्षी एस. आर. राव तिथे आयुक्त झाले. त्यांनीही धाक दाखवला, पण बरोबर अधिकारही दिले. शहराचे सहा विभाग करून प्रत्येकाला वेगळा आयुक्त, खर्चाचे अधिकार त्याच्याच हातात. साहेबांनी सकाळी रस्त्यावर असायचं, दुपारनंतर कार्यालयात. त्याला ते 'एसी टू डीसी' म्हणायचे : वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे. ज्याच्यावर जबाबदारी त्याच्याच हातात पैसा आणि सही. राव गेल्यावरही सुरत स्वच्छतेत टिकलं, ते या व्यवस्थेमुळे, असं मला वाटतं. आपल्याकडे विभाग कार्यालयात तक्रार घेऊन जा आणि तिथला अधिकारी म्हणाला, "हे माझ्या पॉवरमध्ये नाही हो," तर निम्म्या वेळा तो खरंच बोलत असतो.

एव्हाना भाची धीट झाली होती. तिने विचारलं, "काका, आणि... पैसे? म्हणजे खालून?"

नानांनी जास्वंदीची एक पिवळी पानं असलेली फांदी उगाचच तोडली. मग म्हणाले, "प्रश्नावलीत आहे का हे?" नव्हतं. "मग माझ्याकडून तोंडी घे. पालिकेत माणूस दोन गोष्टींना जपतो. एक पगार, दुसरं टेबल. पगार सगळ्यांचा आयोगाप्रमाणे वाढतो, टेबल नाही. मलईचं टेबल मिळालं की कार्यक्षमता एकदम वाढते, पण निवडक लोकांसाठी. आणि जो मलई खात नाही त्याला उद्यान विभागात नाही तर अभिलेख कक्षात पाठवतात. मी अभिलेख कक्षात बरीच वर्षं होतो." त्यांनी एवढंच सांगितलं. आम्ही पुढे विचारलं नाही. लाचेची तक्रार करायचा नंबर १०६४ आहे, तो मात्र त्यांनी भाचीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिला.

मावशीला एक गोष्ट सांगायचीच होती, ती नगरसेवकाची. मे २०२० मध्ये नवी मुंबईतल्या नगरसेवकांची मुदत संपली, ती जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पालिकेत प्रशासक. "नगरसेवक कसा पन असू दे, त्याच्या दारात जाऊन बसता येतंय. प्रशासकाचा दार खय हाय?" तिचं दार शोधणं खोटं नाही. पाम बीचच्या टोकाला २०१४ साली झालेलं पालिकेचं मुख्यालय एवढं देखणं आहे, की पाहुणे आले की आम्ही गाडी हळू करून दाखवतो. पण आत जाऊन उभं कुठे राहायचं, ते गावातल्या बाईला कोणीतरी सांगावं लागतं. नानांच्या मते नगरसेवक म्हणजे कारकुनाच्या डोक्याला ताप : याचं आधी कर, त्याचं अडव. मावशीच्या मते तो ताप नसेल तर कारकून थंडच पडतो. मला वाटतं दोघंही एकाच माणसाचं वर्णन करत होते, रांगेच्या दोन बाजूंनी.

शेवटी भाचीने विचारलं, मग मी निष्कर्षात काय लिहू? नानांनी तिला मसुदा सांगावा तसं सांगितलं : माणूस आहे तसाच असतो. त्याला टेबल नीट द्या, सहीचा अधिकार द्या, साहेब तीन वर्षं ठेवा, रिकाम्या जागा भरा, आणि केलेलं काम कोणाला तरी दिसू द्या. भाची म्हणाली, हे तर मार्गदर्शकांना फार साधं वाटेल. "मग इंग्रजीत लिही," नाना म्हणाले.

मला त्यातलं शेवटचंच महत्त्वाचं वाटतं, आणि त्याला कारण नानांचीच एक गोष्ट. एका म्हाताऱ्या बाईंच्या घराच्या नोंदी त्यांनी जुन्या दप्तरातून शोधून दिल्या होत्या. बाईंनी नातवाकडून आभाराचं पत्र लिहवून पालिकेत पाठवलं. ते रीतसर आवक झालं, क्रमांक पडला, साहेबांपुढे गेलं. साहेबांनी शेरा मारला : 'माहितीस्तव. नस्तीबद्ध करावे.' पण कुठल्या नस्तीत? आभाराची नस्तीच नव्हती. तक्रारींच्या सात होत्या. शेवटी नानांनी ते स्वतःच्या सेवापुस्तकाला टाचलं, आणि त्या वर्षीही शेरा आला तो 'निश्चित चांगला' असाच.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही गावात, शहरात, भिंतीवर हा विषय निघेलच. राज्यात २८ एप्रिल २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा ते कार्यालयाने फलकावर लावायचं असतं. अर्ज दिलात की पोच घ्या, तिच्यावरची तारीख बघा. मुदत उलटली किंवा नकार आला, की तीस दिवसांत प्रथम अपील अधिकाऱ्याकडे जा. तिथे नाही झालं तर दुसरं अपील आहे, त्यावर सेवा हक्क आयोग आहे, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. तोंडी भांडू नका, तोंडी भांडणाला आवक क्रमांक पडत नाही. आणि ज्याने तुमचं काम मुदतीत, न मागता, नीट केलं, त्याच्या नावाने चार ओळींचं पत्रही त्याच आवक खिडकीत द्या. त्याचीही पोच घ्या.